पर्शियन मांजर: ओळखायचं कसं आणि ठाण्याच्या दमट हवेत सांभाळायचं कसं

घोडबंदर रोडच्या टॉवरांत काय आणि नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत काय, लांब केसांचं मांजर आता बऱ्याच घरांत दिसतं. जात विचारली की उत्तर ठरलेलं: पर्शियन. यातली बरीचशी संकरित असतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही. देशी रक्त मिसळलेली मांजरं बऱ्याचदा जास्त काटक निघतात. तरीही आपल्या घरात वावरणारं शरीर कोणत्या घडणीचं आहे हे माहीत असायलाच हवं. चपट्या नाकाचं मांजर उन्हाळ्यात लवकर धापा टाकतं. त्याचे डोळे रोज पुसावे लागतात, दाट केसांत नियमित कंगवा फिरला नाही तर गाठी होतात, आणि या वंशात मूत्रपिंडाचा एक आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. शरीर ओळखलं की काळजी कशाची घ्यायची ते कळतं. म्हणून आधी ओळख, मग घरी आणणं, आणि मग रोजचं जगणं.

केसांवर जाऊ नका, चेहरा बघा

लांब केस म्हणजे पर्शियन, हा सगळ्यात मोठा गैरसमज. मांजरात लांब केसांचं जनुक अप्रभावी असतं. पर्शियन बोका आणि आपल्या गल्लीतली भाटी यांची पिल्लं सहसा आखूड केसांचीच होतात, पण ते जनुक त्यांच्यात लपून राहतं. पुढे तसंच जनुक असलेल्या मांजराशी जोडी लागली की काही पिल्लांना पुन्हा लांब केस येतात. म्हणजे लांब केसांवरून एवढंच कळतं की ते जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलंय. जात कळत नाही.

मांजराला उजेडात, टेबलावर, तुमच्या डोळ्यांच्या पातळीवर बसवा. आधी बाजूने बघा. शो-प्रतीच्या पर्शियनचं कपाळ, नाक आणि हनुवटी जवळजवळ एका उभ्या रेषेत येतात, आणि कपाळ व नाक यांच्यामध्ये डोळ्यांच्या पातळीवर स्पष्ट खाच असते. नाक पुढे आलेलं, तोंड निमुळतं, कपाळापासून नाकापर्यंत सरळ उतार, असं असेल तर संकराची शक्यता मोठी. मग समोरून बघा. डोकं गोल आणि रुंद, गाल भरलेले, डोळे मोठे, गोल आणि एकमेकांपासून लांब. कान लहान, टोकाला गोलसर, डोक्यावर लांब-लांब आणि थोडे खाली बसवलेले. कान मोठे आणि टोकदार असतील तर केस कितीही लांब असोत, मी तरी त्याला पर्शियन म्हणणार नाही. मान जाड आणि आखूड, छाती रुंद, पाय आखूड आणि भक्कम, शेपूट शरीराच्या मानाने आखूड पण झुबकेदार. प्रौढ भाटी साधारण ३ ते ५ किलो, बोका ४ ते ६ किलो किंवा थोडा जास्त. केसांमुळे मांजर असतं त्याहून मोठं दिसतं. आंघोळीत भिजल्यावर खरा आकार कळतो.

विक्रेत्यांकडे तुम्हाला ‘डॉल फेस’, ‘सेमी पंच’, ‘पंच फेस’ आणि ‘एक्स्ट्रीम पंच’ असे शब्द ऐकू येतील. ही बाजारातली वर्गवारी आहे. नाक किती चपटं, त्यावर भाव चढतो. डॉल फेस म्हणजे नाक दिसेल इतकं पुढे असलेला जुन्या धाटणीचा चेहरा, पण आपल्याकडे त्याच नावाखाली सरसकट संकरित पिल्लंही विकली जातात. ‘ट्रिपल कोट’ म्हणजे केसांचे तीन थर, असं ऐकून जास्त पैसे देऊ नका. केसांच्या मुळाशी बोटं घाला आणि आतलं मऊ अस्तर किती दाट आहे ते स्वतः बघा. चेहऱ्याबद्दल माझं मत ठाम आहे: नाक जितकं आत दबलेलं, तितका त्या जिवाला श्वासाचा, डोळ्यांचा आणि दातांचा त्रास जास्त. ठाण्यासारख्या उष्ण, दमट गावात ज्याच्या नाकपुड्या मोकळ्या आहेत आणि नाक थोडं तरी पुढे आहे असंच मांजर निवडावं. शोमध्ये त्याला गुण कमी मिळाले तरी चालतील, त्याला झोपेत श्वास नीट घेता आला पाहिजे.

चेहरा, कान, पंजे आणि शेपूट गडद, बाकी अंग फिकट आणि डोळे निळे असतील, पण घडण पर्शियनची असेल, तर ते हिमालयन. पर्शियन आणि सयामी यांच्या संकरातून ही रंगसंगती आणली गेली. सीएफए ही अमेरिकी नोंदणी संस्था त्याला पर्शियनचाच एक विभाग मानते. पर्शियनचाच चेहरा पण केस आखूड, तर ते एक्झॉटिक शॉर्टहेअर. केस विंचरायला वेळ नसेल तर ते बघा, मात्र नाकाच्या तक्रारी त्यालाही त्याच. मेन कून ओळखायला सोपं: लांबट चौकोनी तोंड, उंच कान, कानांच्या टोकाला झुबके, लांबलचक शेपूट. रॅगडॉलचे डोळे निळे असतात पण चेहरा चपटा नसतो.

आणखी एक गोष्ट, कारण इथे फसगत फार होते. सगळ्याच मांजरांच्या पिल्लांचे डोळे जन्मानंतर निळेच असतात. खरा रंग सहाव्या-सातव्या आठवड्यापासून दिसू लागतो आणि पक्का व्हायला आणखी काही महिने जातात. पाच आठवड्यांचं पिल्लू ‘ब्लू आइज’ म्हणून जास्त भावाने विकत असतील तर त्याला अर्थ नाही. बहुतेक रंगांच्या पर्शियनचे डोळे मोठेपणी तांबूस-केशरी होतात, चंदेरी आणि सोनेरी छटांच्या मांजरांचे हिरवे. पांढरं मांजर आणि निळे डोळे असा मेळ असेल तर बहिरेपणाची शक्यता असते. त्याला दिसणार नाही अशा जागी, मागे उभं राहून चावीचा जुडगा वाजवा आणि कान वळतात का बघा.

या जातीचं नाव इराणशी जोडलेलं आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने सतराव्या शतकात तिकडची लांब केसांची मांजरं युरोपात नेल्याचं सांगतात. पण आजचा पर्शियन घडला तो एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या प्रदर्शनांतून आणि नंतर अमेरिकेत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात आजचे पर्शियन मध्यपूर्वेतल्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांच्या जवळचे निघाले. थोडक्यात, हा केसाळ अंगरखा थंड देशात जोपासला गेलाय आणि आपण तो खाडीकाठच्या गावात आणतोय. पुढची सगळी काळजी यातूनच येते.

‘पेपर्स’ म्हणजे नेमकं काय

लसीकरणाचं पुस्तक म्हणजे वंशावळीचा दाखला नव्हे. बरेच विक्रेते ‘पेपर्स आहेत’ म्हणून तेच पुस्तक पुढे करतात. खऱ्या दाखल्यावर नोंदणी संस्थेचं नाव (सीएफए, टिका किंवा डब्ल्यूसीएफ), पिल्लाचा नोंदणी क्रमांक, जन्मतारीख, रंग, पैदास करणाऱ्याचं नाव आणि आई-वडिलांसह मागच्या काही पिढ्यांची नावं नोंदणी क्रमांकांसह असतात. क्रमांक त्या संस्थेकडे ईमेल करून पडताळता येतो. मायक्रोचिप असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक दवाखान्यात स्कॅनरवर वाचून कागदाशी जुळवा. कागद नसेल तर मांजर वाईट ठरत नाही, पण मग ‘शंभर टक्के प्युअर’चा भाव देऊ नका. डॉक्टरही नुसतं बघून जातीचा दाखला देऊ शकत नाहीत. त्यांना त्या अडचणीत टाकू नका.

प्राण्यांचं दुकान चालवायला २०१८ च्या नियमांप्रमाणे राज्य पशु कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. क्रॉफर्ड मार्केट असो की घराजवळचं दुकान, नोंदणीचं प्रमाणपत्र दाखवायला सांगा. कुरकुर झाली तर पाय मागे घ्या.

पिल्लू बघायला जाताना

फोटोवरून पसंत करून ‘घरपोच’ पिल्लू मागवू नका, आणि स्टेशनबाहेर किंवा मॉलच्या पार्किंगमध्ये पिल्लू हातात घ्यायला तर अजिबात तयार होऊ नका. पिल्लं जिथे वाढली ती जागा बघायची आणि आई बघायचीच. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर तिथेच थांबा. आईचा चेहरा, श्वास, केस आणि स्वभाव हे पिल्लाचं पुढचं चित्र असतं.

वय किती सांगताहेत ते स्वतः पडताळा. जन्मताना पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं असतं आणि दर आठवड्याला सुमारे १०० ग्रॅमने वाढतं. म्हणजे आठ आठवड्यांचं पिल्लू ८०० ते ९०० ग्रॅमच्या आसपास हवं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिशवीत घालून न्या. ४०० ग्रॅमचं पिल्लू ‘दोन महिन्यांचं’ असू शकत नाही: एकतर ते लहान आहे, नाहीतर उपाशी किंवा आजारी. माझ्या मते पिल्लू बारा आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिलेलं चांगलं. चावा किती जोरात घ्यायचा, लिटरमध्ये, म्हणजे शौचासाठी ठेवलेल्या डब्यात, कसं जायचं, हे ते तिथेच शिकतं.

मग पिल्लू झोपेपर्यंत थांबा आणि श्वास ऐका. थोडी घुरघुर चालते. पण पोट आत ओढून श्वास घेत असेल, नाकपुड्या रेघेइतक्याच उघड्या असतील, तोंड उघडं ठेवून झोपत असेल तर नको. डोळ्यांतून पाणी आलं तर चपट्या चेहऱ्यात ते समजण्यासारखं आहे, पण पिवळा-हिरवा चिकट स्राव आणि शिंका म्हणजे संसर्ग. शेपटीखाली केस घाण झालेले असतील तर जुलाब. कानांच्या कडा, नाकाचा शेंडा आणि बोटांच्या मधली जागा केस बाजूला करून बघा. तिथे गोल, खवलेदार, केस गेलेले चट्टे असतील तर तो बहुतेक गजकर्णाचा प्रकार, आणि लांब केसांच्या मांजरांत तो फार चिवट असतो. तो तुम्हाला, मुलांना आणि घरातल्या वयस्कर माणसांनाही होतो. एकाच पिल्लाला दिसला तरी त्या घरातली सगळीच पिल्लं संशयित धरा.

मूत्रपिंडाच्या आजाराबद्दल इथेच विचारायचं. पर्शियनमध्ये मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आहे, डॉक्टर त्याला पीकेडी म्हणतात. दोष प्रभावी जनुकाचा असल्यामुळे आई-बापांपैकी एकात जरी असला तरी साधारण निम्म्या पिल्लांत उतरतो. दोषाची जागा २००४ साली सापडली आणि तेव्हापासून गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर डीएनए चाचणी करता येते, तीही कोणत्याही वयात. गाठी जन्मापासून असल्या तरी त्रास बहुतेक वेळा मध्यमवयात सुरू होतो, म्हणून पिल्लू बघून काहीच कळत नाही. “दोघांचा पीकेडीचा रिपोर्ट दाखवाल का?” एवढं एक वाक्य विचारा. जबाबदार पैदासकार कागद काढून दाखवतो. ज्याला हा शब्दच माहीत नाही, त्याच्याकडून विकत घेऊ नका.

विकत घेण्याआधी दत्तकाचा विचार

ठाणे आणि नवी मुंबईत प्रौढ पर्शियन मांजरं नेहमी घर शोधत असतात. बदली झाली, बाळ झालं, गाठी सोडवायचा कंटाळा आला, दवाखान्याचा खर्च झेपेना. आपल्या भागातल्या, भटक्या मांजरांना खाऊ घालणाऱ्या फीडर मंडळींना आणि प्राणीमित्र संस्थांना सांगून ठेवलं की दोन-तीन महिन्यांत एखादं समोर येतंच. मला तर पहिल्यांदा मांजर पाळणाऱ्यांसाठी प्रौढ पर्शियनच जास्त योग्य वाटतं. चेहरा, श्वास, स्वभाव जे काही आहे ते समोर दिसतं, आणि साधारण दहा महिन्यांपुढच्या मांजराची सोनोग्राफी केली की मूत्रपिंडातल्या गाठी बहुतेक कळून येतात. पिल्लाच्या बाबतीत एवढी खात्री मिळत नाही.

घर आधी, मांजर नंतर

सगळ्यात आधी जाळी. बाराव्या मजल्यावरचं मांजर कबुतराच्या मागे झेपावतं तेव्हा उंचीचा विचार करत नाही. कबुतरांसाठी बसवलेली नायलॉनची जाळी उन्हाने कुजते आणि दातांनी कुरतडली जाते. नव्या टॉवरांत तारांची ‘इनव्हिजिबल ग्रिल’ असते. तिच्या दोन तारांमधल्या फटीतून पिल्लाचं डोकं आरामात जातं, आणि डोकं गेलं की अंगही जातं. तिच्या आतून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवून घ्या. सरकत्या खिडकीची डासांची जाळी अंगाच्या भाराने निघून येते, तिच्यावर भरवसा ठेवू नका. बाथरूमच्या काचेच्या पट्ट्यांची खिडकी आणि सुक्या बाल्कनीतली एसीच्या पाइपची फटही बघा.

मग फरशी आणि कपाटं. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि फिनाईलमधली द्रव्यं मांजराचं यकृत हाताळू शकत नाही. साध्या पाण्याने किंवा डॉक्टरांना विचारून निवडलेल्या क्लीनरने पुसा आणि फरशी सुकेपर्यंत दार बंद ठेवा. डांबराच्या गोळ्या कपाटातून काढून टाका. वाढदिवसाच्या गुच्छात लिली असेल तर ती घरात आणूच नका. तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतं. तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचे परमेथ्रिन असलेले थेंबही तसेच जीवघेणे. धूप, उदबत्ती, डासांची कॉइल यांचा धूर चपट्या नाकाला झोंबतो. देवघराचं दार लावून घ्या किंवा मांजराची खोली वेगळी ठेवा.

नवीन मांजर पहिले दोन आठवडे एकाच खोलीत ठेवा, विशेषतः घरात दुसरं मांजर असेल तर. गजकर्ण, गोचीड, पिसवा, जंत, जे काही सोबत आलं असेल ते या काळात दिसतं.

सोसायटीचा मुद्दाही इथेच मिटवून टाका. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही किंवा त्यांच्यासाठी लिफ्ट बंद करता येत नाही. सूचनांची प्रत सेक्रेटरींना शांतपणे द्या. जिन्यात लिटरची पिशवी ठेवली नाही की निम्मी भांडणं होतच नाहीत.

रोजची पंधरा-वीस मिनिटं

पर्शियन पाळणं म्हणजे मुख्यतः हे रोजचं विंचरणं. दोन दिवस राहिलं तर चालून जातं, आठवडा राहिला तर काखेत आणि मांड्यांच्या मागे केसांचा नमदा होतो, कातडी ओढली जाते आणि मांजर हात लावू देईनासं होतं.

हवेत दोन स्टीलचे कंगवे, एक रुंद दातांचा आणि एक बारीक. बारीक तारांचा स्लिकर ब्रश केस वरवर छान फुलवतो पण मुळाशी पोहोचत नाही. नुसत्या ब्रशवर भरवसा ठेवणाऱ्यांच्याच मांजरांत खाली गाठी सापडतात. मांजर शांत असताना, शक्यतो जेवणाआधी, त्याच जागी रोज बसा. रुंद कंगव्याने सुरुवात मानेमागून करा, कारण तिथे त्याला आवडतं. एका हाताने केस वर उचलून धरा आणि खालच्या थरापासून एक-एक पट्टा मुळापासून टोकापर्यंत विंचरा. कंगवा अडला की ओढायचा नाही. अडलेल्या जागेच्या मुळाशी केस चिमटीत धरा, म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, आणि टोकाकडून मुळाकडे थोडं-थोडं सोडवत या. मग कानांमागे, काखा, पोट, मांड्यांची मागची बाजू. शेवटी शेपूट, तिथे अगदी हलक्या हाताने. बारीक कंगवा शेवटचा: तो न अडता गेला तरच काम झालं.

गाठ झालीच तर चिमूटभर कॉर्नफ्लॉर चोळा आणि बोटांनी पिंजून काढा. कात्री लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गाठीबरोबर वर उचलली जाते आणि कापली जाते. मोठा नमदा झाला असेल तर क्लिपर चालवणारा जाणकार ग्रूमर किंवा दवाखाना. शेपटीखालचे आणि पोटाकडचे केस मात्र आखूड करून घेतलेले बरे, म्हणजे लिटर आणि विष्ठा चिकटत नाही. उन्हाळ्यात सगळं अंग भादरून टाकावं का, असं हमखास विचारतात. रोज विंचरलेलं अंग हवेशीर असतं, त्यामुळे कातडीलगत भादरण्याची गरज मला दिसत नाही. गाठी आवाक्याबाहेर गेल्या असतील तर तो वेगळा प्रश्न.

डोळे रोज सकाळी. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवा, पिळा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून बाहेर पुसा, दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस. नाकाजवळची घडी कोरडी करा. एक डोळा मिटलेला दिसला, मांजर तो पंजाने घासू लागलं किंवा बुबुळावर ढग अथवा काळा डाग दिसला तर त्याच दिवशी दवाखाना. घरात पडलेले जुने थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल आणि बुबुळाला जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

आंघोळ तीन ते सहा आठवड्यांनी, आधी पूर्ण विंचरून, कारण गाठ भिजली की घट्ट होते. कोमट पाणी, मांजरांचाच शाम्पू, डोक्यावर पाणी न ओतता. मग टॉवेल आणि कमी उष्णतेवरचा ड्रायर, मुळापर्यंत कोरडं होईस्तोवर. पावसाळ्यात ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. जून ते सप्टेंबर ठाण्यात टॉवेलसुद्धा सुकत नाहीत, तर अस्तराचे केस कसे सुकणार? दमट राहिलेल्या कातडीवर बुरशी धरते. शंका असेल तर त्या चार महिन्यांत आंघोळ कमी आणि कंगवा जास्त ठेवा, आणि त्याची गादी, चादर उन्हाची तिरीप दिसेल त्या दिवशी बाहेर टाका.

एप्रिल, मे आणि ऑक्टोबर

मांजर घामाने स्वतःला गार करू शकत नाही. पंज्यांच्या तळव्यांना थोडा घाम येतो आणि अंग चाटून जी ओल होते तेवढीच. हवेतच पाणी भरलेलं असलं की तीही सुकत नाही. चपट्या नाकाच्या मांजराला धापा टाकूनही फारसा उपयोग होत नाही. म्हणून दुपारी ११ ते ५ एक खोली २५ ते २७ अंशांवर ठेवा. दिवसभर घरी कुणी नसेल तर पश्चिमेकडची खोली बंद करा, पडदे ओढा, पंखा चालू ठेवा, फरशीवर झोपायला मोकळी जागा द्या, पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी. वीज जाते तेव्हा काय, याचाही विचार हवा. इन्व्हर्टर नसेल तर बाटल्यांत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवा, मांजर आपणहून जवळ बसतं.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं मांजरात साधी गोष्ट नसते. सोबत लाळ, लडखडणं, लालभडक हिरड्या असतील तर उष्माघात समजा. सर्वसाधारण तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं, ४० च्या वर गेलं की धोका. पोट, काखा, पंजे साध्या नळाच्या पाण्याने ओले करा, पंख्यासमोर ठेवा आणि लगेच निघा. बर्फाचं पाणी ओतू नका.

खाणं, पाणी, लिटर

मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे द्रव्य त्याला मांसातूनच मिळतं, ते कमी पडलं की डोळे आणि हृदय बिघडतं. घरी मांस-मासे चालत नसतील आणि पाकीटबंद खाणंही नको असेल, तर मांजर पाळू नये, असं मी स्पष्टच सांगते. मासे-भात किंवा उकडलेलं चिकन अधूनमधून ठीक, पण रोज तेवढ्यावर भागत नाही. कांदा-लसूण घातलेलं काहीही नको. दूध बहुतेक प्रौढ मांजरांना पचत नाही. ४ किलोच्या, नसबंदी झालेल्या, घरातच राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाणं ५०-५५ ग्रॅम. वाटीने नव्हे, काट्यावर मोजून. भांडं उथळ आणि पसरट, खोल वाटीत चपटं तोंड जात नाही. मूत्रपिंडांचा विचार करून दिवसात एक वेळ तरी ओलं खाणं द्या.

लिटरचा डबा मांजराच्या लांबीच्या दीडपट, एका मांजराला दोन डबे, रोज दोनदा साफसफाई. डब्यात घालायची बेंटोनाइटची बारीक माती मांड्यांच्या केसांना चिकटून घरभर पसरते, पर्शियनला टोफूचे जाडसर दाणे बरे पडतात. बेंटोनाइट कमोडमध्ये टाकलंत तर खालच्या मजल्यापर्यंत पाइप तुंबेल.

बोका लिटरमध्ये वारंवार जाऊन बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजून थांबू नका. मूत्रमार्ग अडलेला असतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

डॉक्टर, लस आणि ट्रॅफिक

ट्रायकॅट या तीन रोगांवरच्या लसीचा पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीज बारा आठवड्यांनंतर. “बाहेर जातच नाही, मग लस कशाला?” असं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: मांजरांच्या पार्व्होसारख्या रोगाचा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि आपल्या चपलांवरून आत येतो. नसबंदी पाच-सहा महिन्यांत. चपट्या नाकाच्या मांजराला भूल देणं जास्त जोखमीचं असतं, त्यामुळे भुलीत ऑक्सिजन आणि नाडीवर लक्ष ठेवायची सोय आहे का आणि शुद्धीवर येईपर्यंत कुणी जवळ बसतं का, हे विचारूनच दवाखाना ठरवा.

रात्री दोन वाजता कोणता दवाखाना उघडा असतो हे आजच फोन करून नोंदवून ठेवा. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई प्राणी रुग्णालय मोठी आहेत, पण कासारवडवलीहून निघून माजिवडा आणि मुलुंड चेकनाका पार करायला संध्याकाळी किती वेळ जातो हे ठाणेकरांना सांगायला नको. जवळचा एक आणि मोठा एक, असे दोन क्रमांक फ्रिजवर चिकटवा. कॅरियर वर्षभर खोलीत उघडा ठेवा, आत त्याची चादर घाला. नेहमीची झोपायची जागा असली तर ऐनवेळी पकडापकडी होत नाही. दिवाळीच्या चार रात्री आणि विसर्जनाच्या मिरवणुकीच्या वेळी मांजराला आतल्या खोलीत, पंखा लावून, कॅरियरसकट ठेवा.

दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट बघू नका, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर. उपासाने यकृतात चरबी साचते. सात वर्षांपुढे दर सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासून घ्या. पीकेडीची चाचणी झालेली नसेल तर एकदा सोनोग्राफीही. घरी लक्ष ठेवायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे लिटरचा डबा. लघवीचे गोळे रोज किती आणि केवढे निघतात ते माहीत असू द्या. गोळे मोठे होऊ लागले, पाण्याचं भांडं लवकर रिकामं होऊ लागलं आणि कंगवा फिरवताना पाठीचा कणा हाताला जास्त लागू लागला, तर त्याच आठवड्यात मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या.